पाऊणकी

सोहारच्या पाण्याच्या कारखान्यात
रात्री दोनला माझ्यापुढे आठ ओळी आहेत.
समुद्राचं पाणी गोडं करून आम्ही डोंगरात चढवतो,
आठ ठाण्यांवरून.
आलेल्यातलं किती पुढे गेलं
ते प्रत्येक ठाणं लिहून कळवतं:
०.९८, ०.९७, ०.९९…
मॅनेजरला सकाळी सातला एकच आकडा हवा,
शेवटच्या गावाच्या टाकीत किती पडलं.

डेटाबेसला बेरीज येते.
सरासरी येते, मोजणी येते,
सगळ्यात थोरला कोण, धाकटा कोण, झटक्यात सांगतो.
उभ्या रकान्याचा गुणाकार तेवढा येत नाही त्याला.
गंमत म्हणून बेरीज करून पाहिली:
६.८३.
म्हणजे समुद्रातून उचललं
त्याच्या जवळजवळ सातपट डोंगरात पोचलं.
तेवढ्यात भात लावला असता की गं,
उस्मानचाचा म्हणाले.

उस्मान वांगडे, मूळ दाभोळचे,
इथे पंपांच्या सुट्या भागांचे स्टोअरकीपर.
रात्रपाळीला थर्मास घेऊन माझ्या टेबलाशी येतात.
मी सांगितलं, चाचा, आडवाटेनं जायचं.
प्रत्येकाचा लॉग घ्यायचा,
लॉगांची बेरीज करायची,
मग त्या बेरजेला परत माणसात आणायचं.

चाचांनी कप खाली ठेवला.
मॅट्रिकला दुसरं काय करत होतो आम्ही?
आणि डोळे मिटून, हवेतल्या कोष्टकावर बोट फिरवत:
पूर्णांक शून्य, दशांश अठ्ठ्याण्णव…
बार एक, नऊ नऊ एक दोन.
मग त्याच्याही मागे गेले, पाटीपर्यंत:
एक पाऊण पाऊण,
दोन पाऊण दीड,
तीन पाऊण सव्वादोन,
चार पाऊण तीन.
चार घरं चढा, म्हणाले, तीनच हाताला लागतात.

क्वेरी चालवली.
०.८४.
चांगला आकडा, रोजच्यासारखा.
पाठवणारच होते,
पण ठाणी आठ आणि लॉग सातच.

सहाव्या ठाण्यानं लिहिलं होतं ०.००.
माझ्या आधीच्या माणसानं
(तो आता दोह्यात आहे)
एक सोय करून ठेवलेली:
शून्याला लॉग नसतो, क्वेरी तिथेच कोलमडते,
म्हणून शून्य दिसलं की ते रिकामं समजा.
रिकाम्यावरून बेरीज उडी मारते.
आणि उडी मारणं म्हणजे गुणाकारात एक धरणं,
जणू तिथे थेंबही सांडला नाही.

पण रिकामं म्हणजे कुणी लिहिलंच नाही.
शून्य म्हणजे
कुणीतरी जागं राहिलं, पाहिलं
आणि लिहिलं.

सहाव्या ठाण्याला फोन लावला.
मोतालेबनं पहिल्या घंटीला उचलला.
पानी बंद, मॅडम. ग्यारा बजे से.
मैंने लिखा ना?
लिखा, म्हटलं. देखा.

दोन ओळी घातल्या:
कुठेही शून्य असेल तर उत्तर शून्य.
कुठेही रिकामं असेल तर उत्तर रिकामं,
आणि त्या ठाण्याला फोन करा.
चाचा मागे उभे राहून वाचत होते.
इंग्रजी वाक्यं त्यांनी ओठांनी चाचपली
आणि मान हलवली.
एकतीस वर्षांत ते दर दोन वर्षांनी घरी जातात.
तो रकाना मी मांडला नाही,
त्यांनीही नाही.

मग गेल्या वर्षाच्या सगळ्या रात्री
नव्या क्वेरीतून काढल्या.
अकरा रात्री शून्य निघाल्या.
अकरा सकाळी त्या गावात कुणीतरी
नळ सोडून, बादली लावून उभं राहिलं असणार,
आणि इथे छापलं गेलं
०.८४, ०.८५, ०.८४.

सातला पाच कमी असताना शून्य पाठवलं.
खाली अकरा तारखा.
टँकरचा नंबरही लिहिला, न विचारता.

चाचा बेसिनशी थर्मास विसळत होते.
पाच पाऊण पावणेचार,
सहा पाऊण साडेचार,
सात पाऊण…
सात पाऊण…
पाणी चालू ठेवून तसेच थांबले.
सव्वापाच, मी म्हटलं.
आधी नळ बंद करा.